रेशीमरावांची काडीपेटी

रेशीमराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. रेशीम मंडळाच्या कचेरीतल्यांनी ते पाठीमागे ठेवलं होतं. पुढे कुणीतरी चुकून तोंडावर म्हणालं, तर रागवायचं सोडून स्वारी खूश झाली आणि ते नाव कायमचंच चिकटलं. टोमणा कुठला आणि मान कुठला हे ज्याला कळत नाही, तो माणूस मंडळात फार वर चढतो. रेशीमरावही चढले. नोकरीला लागले तेव्हा आलेलं टपाल फोडून टेबलाटेबलावर वाटायचे. आता ते मागणीवाढ विभागाचे प्रमुख होते, दारावर पाटी होती आणि पाटीखाली पायपुसणं होतं. पारंपरिक रेशमी कापडाला देशात आणि परदेशात मागणी वाढवायची, हे त्यांचं काम. मागणी किती वाढली ते विचारू नये. विभाग मात्र चांगलाच वाढला होता. त्याला आणखी एक खोली मिळाली होती, आणि तिच्यात मागच्या सगळ्या प्रदर्शनांचे फलक भिंतीला टेकवून ठेवले होते. 'अंगावर रेशीम, मनात अभिमान.' 'धागा आपला, जग आपलं.' ही घोषवाक्यं रेशीमराव स्वतः करायचे. अंघोळ करताना सुचतात, असं सांगायचे, आणि वाचणाऱ्याला ते लगेच पटायचं.

त्यांच्या बायकोला ही वाक्यं पाठ होती. ती एका दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायची. लोकांना थांबवून ठेवायची, नाव पुकारायची आणि आत पाठवायची. ज्यांच्या तोंडात धड दात उरलेला नाही असे लोकसुद्धा छातीवर हात ठेवून 'रोज दोनदा घासतो' म्हणून सांगतात, हे ऐकत ऐकत तिचे केस पिकले होते. त्यामुळे माणसाने तोंड उघडलं की आत काहीतरी किडलेलं निघणारच, असा तिचा सर्वसाधारण समज झाला होता. घरी आल्यावर तो बदलायची वेळ क्वचितच यायची.

रेशीमरावांना रेशमातलं कळायचं ते एवढंच, की धागा जाळून बघावा. या धंद्यातली ही जुनीच परीक्षा आहे. कापडाच्या कडेचा एक धागा ओढायचा आणि त्याला काडी लावायची. खरं रेशीम असेल तर केस जळल्यासारखा वास येतो, धागा कसाबसा जळून विझतो, आणि मागे राहिलेली राख बोटांत चुरली की तिची पूड होते. नकली असेल तर धागा आक्रसतो, वितळतो, आणि टोकाला कडक मणी होऊन बसतो. तो गरम असताना बोटाला लागला तर चांगलंच पोळतं. विणकर ही परीक्षा करतात, व्यापारी करतात, दुकानातला नोकरही करतो आणि पुढच्या कामाला लागतो. रेशीमरावांनी तिचं नाटक बसवलं. काडी ओढण्याआधी ते डोळे मिटायचे. राख चुरताना मान एका बाजूला कलती करायचे. मग पूड झालेली बोटं सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवायचे आणि म्हणायचे, "ही पाहा, खरेपणाची राख."

बिडी-सिगारेटला ते जन्मात शिवले नाहीत, पण खिशात काडीपेटी कायम. घड्याळाच्या पट्ट्याखाली धाग्यांची एक छोटी गुंडी अडकवलेली असायची, निरनिराळ्या रंगांची. तिला ते 'नमुने' म्हणत. झोपताना घड्याळ उशाशी काढून ठेवलं की धागे गादीवर सांडायचे, आणि सकाळी चादर झटकताना बायको ते वेचायची. लाल, हिरवे, जांभळे. नवऱ्याच्या खिशातून आणि मनगटावरून काय काय निघतं याचं नवल तिने केव्हाच सोडून दिलं होतं.

सगळ्यात वाईट प्रयोग झाला तो तिच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात. मुलाची आत्या ठेवणीतली शाल पांघरून आली होती आणि 'आमच्या सासूबाईंची आहे, अस्सल रेशीम' असं ज्याला त्याला सांगत होती. हे रेशीमरावांच्या कानावर पडायला नको होतं. पडलं. "बघू," ते म्हणाले, आणि आत्याबाई 'अहो, अहो' करेपर्यंत शालीचा धागा त्यांच्या हातात होता आणि काडी पेटली होती. धागा वितळला. रेशीमरावांनी तो मणी तळहातावर घेऊन सगळ्या हॉलभर फिरवला. आत्याबाई न जेवता निघून गेल्या आणि त्यांच्यामागोमाग त्यांच्याकडची निम्मी माणसं गेली. बहीण त्यानंतर कितीतरी वर्षं हिच्याशी धड बोलली नाही. आणि घरी येताना रेशीमराव म्हणाले काय, "चला, एक बाई तरी आता डोळे उघडे ठेवून खरेदी करील. मागणी वाढते ती अशी."

आता तिच्या स्वतःच्या शालीचं ऐका.

रेशीमराव पहिल्यांदा परदेशी गेले ते मंडळाचं पेटारेभर कापड घेऊन. त्यातलं बरंचसं ते तसंच परत घेऊन आले. पण बायकोसाठी त्यांनी सोनेरी कडांच्या खोक्यातून एक जांभळी शाल आणली. "बघ, आपलंच रेशीम," ते म्हणाले. "इथून तिकडे गेलं, तिकडच्या लोकांनी त्याचं सोनं केलं, आणि आता तुझ्या अंगावर परत आलं. अस्सल आहे. हात लावून बघ." तिने हात लावला. लग्नानंतर नवऱ्याने आठवणीने तिच्यासाठी आणलेली ती पहिलीच वस्तू. त्याआधी एक कुकर आणला होता, पण तो कचेरीतल्या सोडतीत लागला होता. ती हरखून गेली. खोटं कशाला सांगा, त्या दिवशी तिला हा माणूस मनापासून आवडला.

दुसऱ्या दिवशी ते कचेरीत गेल्यावर तिने स्वयंपाकघरात शालीचा एक धागा ओढला. शंका आली म्हणून नव्हे. नवरा साऱ्या जगाच्या कापडाची राख करून दाखवतो, तर आपल्या शालीची राख आपणही एकदा बोटांत चुरून बघावी, एवढीच हौस. ओट्यावरची काडी ओढली आणि लावली. धागा आक्रसला, वितळला आणि तिच्या अंगठ्याला चिकटला. तिने दुसऱ्या टोकाचा एक ओढला. त्याचंही तेच. अंगठ्यावरचा डाग बरेच दिवस राहिला, आणि दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा 'कढई लागली' असं सांगून तिने वेळ मारून नेली.

पहिल्यांदा तिला कीव आली. रेशमातला म्हणवणारा माणूस, आणि त्यालाच कुणा चकचकीत दुकानदाराने हातोहात फसवलं! कळलं तर बिचाऱ्याला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आत्याबाईंच्या कानावर गेलं तर त्या नाचतील. म्हणून तिने मिठाची गुळणी धरली. पण कीवही दुधासारखी असते, फार दिवस ठेवली की नासते. रेशीमराव जेवताना "रेशीम ओळखायला नजर लागते, नजर" असं म्हणाले की तिचा घास तोंडात फिरायचा. दर वर्षी तो थोडा जास्त फिरू लागला. शेवटी शेवटी तर त्यांनी कापड हा शब्द जरी उच्चारला तरी ती मनात 'गाढवा' असं म्हणून घ्यायची आणि मग वरण वाढायची.

बरं, ती शाल त्यांनी तिला कपाटात तरी ठेवू द्यावी? नाव नको. प्रत्येक प्रदर्शनात, प्रत्येक परिषदेत तिने ती पांघरून यायचं. "ही बघा, आपल्या धाग्याची परदेशवारी," असं म्हणून ते तिला खांद्याला धरून गर्रकन फिरवायचे, दुकानातला पुतळा फिरवावा तसं. पुढून दाखवून झालं की पाठीमागून. लोक माना डोलवायचे. रेशमावरची भाषणं ऐकायला येणारी ही मंडळी स्वतः टेरिलिनच्या शर्टात असायची. त्यांच्या बायका टेबलावरचं कापड गालाला लावून 'किती मऊ' म्हणायच्या, 'पण घरी धुता येतं का हो?' असं विचारायच्या आणि जागच्या जागी ठेवून चहाकडे वळायच्या. हीच म्हणे देशातली मागणी. रेशीमरावांची बायको शाल सावरत उभी राहायची आणि एकाच गोष्टीची धास्ती घ्यायची, की कुणीतरी हसत हसत म्हणेल, 'अहो, हिचा धागा जाळा ना.' अजून कुणी म्हटलं नव्हतं. रेशीमराव कायम टेबलावरच्या कापडाच्या थानाचा धागा जाळायचे. शालीवर त्यांचा एवढा विश्वास आहे की जाळून बघावी असंही त्यांच्या मनात येत नाही, असं तिला वाटायचं. त्याने तिला आणखीच राग यायचा.

मग निवृत्ती जवळ आली. रेशीमरावांना मुदतवाढ हवी होती, कारण खुर्ची गेली की रेशीमराव हे नावही जाणार आणि पाठीमागे उरणार एक टपाल फोडणारा म्हातारा, हे त्यांनाही आतून ठाऊक असावं. मुदतवाढ मंडळाच्या अध्यक्षबाईंच्या हातात होती. परदेशातून एक मोठी खरेदीदार बाई येणार होती, तिथल्या दुकानांसाठी माल बघायला. "ती खूश होऊन गेली तर मुदतवाढ, नाहीतर तुम्हाला फुलांचा गुच्छ," असं अध्यक्षबाईंनी हसून सांगितलं होतं. त्या नेहमी हसूनच सांगायच्या. रेशीमरावांचं धाबं दणाणलं. ते अंघोळीला गेले की बाहेर येईनात.

"शाल इस्त्री करून ठेव," ते बायकोला म्हणाले. "त्या दिवशी तुझ्यावरच सगळं आहे."

"माझ्यावर की शालीवर?"

"तेच ते," ते म्हणाले.

समारंभ एका हॉटेलच्या हॉलमध्ये होता. गालिचा असा, की चालताना पाय रुतावेत, आणि एसी असा, की रेशीम सोडून घोंगडी विकली असती तर हातोहात खपली असती. एका कोपऱ्यात माग आणून ठेवला होता आणि त्यावर एक विणकर बसवला होता. मागावर आडवा धागा भरलेलाच नव्हता. पण त्याने विणत असल्यासारखं दिसायचं होतं, म्हणून तो रिकामा धोटा इकडून तिकडे फेकत होता आणि मधूनच चहा कुठे मिळतो ते बघत होता. त्याच्याही अंगात टेरिकॉटचा शर्ट. "रेशमात घाम फार येतो हो, वहिनी," त्याने तिला मोकळेपणाने सांगून टाकलं. त्या हॉलमध्ये खरं बोलणारा तेवढा एकच माणूस होता, आणि कार्यक्रम चालू असताना तोंड उघडायचं नाही, फक्त मान हलवायची, अशी रेशीमरावांनी त्याला ताकीद दिली होती.

अध्यक्षबाई बोलल्या. वारसा म्हणाल्या, संस्कृती म्हणाल्या, जागतिक बाजारपेठ म्हणाल्या, आणि भाषणाचा कागद उलटा धरला गेला तेव्हा पुन्हा वारसा म्हणाल्या. पाहुणी बाई पहिल्या रांगेत बसली होती. तिला आपली भाषा मोडकीतोडकी यायची, आणि तेवढी येत असल्यामुळे बिचारीला सगळं ऐकावं लागत होतं. ती जांभई नाकातून सोडत होती. रेशीमरावांनी टेबलावरच्या थानाचा धागा काढला, डोळे मिटले, काडी ओढली, राख चुरली, बोटं फिरवली. पाहुणीने टाळ्या वाजवल्या त्या नुसत्या बोटांनी.

अध्यक्षबाईंच्या ते लक्षात आलं. "अहो, टेबलावरचं काय जाळता?" त्या हसून म्हणाल्या. "वहिनींच्या अंगावरची जाळून दाखवा की. परदेशी जाऊन आलेली!"

सगळे हसले. पाहुणीही सरसावून बसली. रेशीमरावांच्या बायकोने मात्र शाल घट्ट आवळून घेतली. इतकी वर्षं ज्याची धास्ती घेतली ते आज, याच दिवशी, सगळ्यांच्या देखत पुढे येऊन उभं राहिलं होतं. आता धागा वितळणार, मणी होणार, आणि या माणसाची अब्रू गालिच्यावर सांडणार. मनात हजार वेळा गाढव म्हणून झालं होतं, पण गाढवाला असं चारचौघांत मारलेलं तिला बघवणार नव्हतं.

"अहो, नको," ती पटकन म्हणाली. "कड उसवेल."

"एका धाग्याने काही होत नाही, वहिनी," अध्यक्षबाई म्हणाल्या.

रेशीमराव हसत तिच्याकडे आले. शालीची किनार त्यांनी दोन्ही हातांत घेतली. ती त्यांच्या कानाशी कुजबुजली, "नका ओढू. माझं ऐका. सांगते नंतर."

"घाबरू नकोस," तेही हळूच म्हणाले. मग हात झटकला, आणि त्यांच्या चिमटीत जांभळा धागा होता.

डोळे मिटले. काडी ओढली. हॉलमध्ये केस जळल्याचा वास पसरला. धागा विझला, राख चुरली, पूड झाली. "ही पाहा," रेशीमराव म्हणाले, "खरेपणाची राख." टाळ्या पडल्या, या खेपेला तळहातांनी.

तिच्या जिवात जीव आला. तो आला तसा तिथेच अडकला, कारण तो वास अजून नाकात होता. स्वयंपाकघरात तिने धागा जाळला होता तेव्हा प्लॅस्टिकची घाण सुटली होती. ही शाल केसासारखी जळूच शकत नव्हती. तिने किनारीकडे बघितलं. एक धागाही हललेला नव्हता. मग तिने नवऱ्याच्या मनगटाकडे बघितलं. घड्याळाचा पट्टा वर सरकला होता, आणि नमुन्यांच्या गुंडीतून एक जांभळं टोक लोंबत होतं. सकाळी चादरीवरून ती वेचायची तसलंच.

म्हणजे इतकी वर्षं हा माणूस शालीच्या रंगाचा खरा धागा मनगटावर बांधून हिंडत होता. कधी वेळ आलीच तर असावा म्हणून. ज्याला दुसऱ्याने फसवलेलं असतं तो अशी तयारी कशाला ठेवील? त्याला सगळं ठाऊक होतं. ती ज्याची अब्रू झाकत शाल सावरून उभी राहायची, तो शेजारी उभा राहून तिलाच फसवत होता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

आणि तरीही ती बोलली नसती. गप्प बसायची सवय हाडात मुरलेली असते. पण पाहुणी उठून तिच्याजवळ आली, शाल हातात घेऊन उजेडाकडे धरली आणि म्हणाली, "हेच. हा चमक. मला अशी पाहिजे. खूप पाहिजे. तुमच्या माणूस हाताने विणलेली."

"का नाही!" रेशीमराव म्हणाले. "शंभर टक्के आमचा धागा, आमचे हात. हा बघा, आमचा विणकर इथेच आहे. काय हो, जमेल ना?"

बोलायचं नाही असं सांगितलेलं असल्यामुळे विणकराने मान हलवली.

तिने त्याच्या हलणाऱ्या मानेकडे बघितलं. कारखान्यातल्या यंत्राने ओतलेली ही चमक हा माणूस मागावर कुठून आणणार? माल जाईल, परत येईल, बोल त्याला लागेल. तोपर्यंत रेशीमराव मुदतवाढ घेऊन नव्या अंघोळीला बसलेले असतील.

"ही नका मागू," ती पाहुणीला म्हणाली. "ही नकली आहे. खरं रेशीम तिकडे टेबलावर आहे."

रेशीमराव मोठ्याने हसले. "थट्टा करते ती. घरीही अशीच असते."

घरी ती कशी असते हे त्यांना माहीत असतं तर ते हसले नसते. तिने शालीचा एक धागा ओढला, सगळ्यांना दिसेल असा, कड उसवेल इतका लांब. "काडीपेटी द्या," ती नवऱ्याला म्हणाली. ते भलतेच खिसे चाचपू लागले. तेव्हा तिने स्वतः त्यांच्या शर्टाच्या खिशात हात घातला, काडीपेटी काढली, आणि धागा पेटवला. तो वितळला. तिने फुंकर मारून मणी पाहुणीच्या तळहातावर ठेवला. मग टेबलावरच्या थानाचा धागा ओढला, तोही पेटवला, आणि राख तिच्या दुसऱ्या तळहातावर ठेवली. "आता तुम्ही करा," असं म्हणून तिने काडीपेटी पाहुणीच्या हातात दिली.

मग काय विचारता! मघापासून जांभया देणारी ती बाई टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धागे ओढत आणि जाळत सुटली. प्रत्येक राख चुरायची, वास घ्यायची आणि हसायची. वास एवढा कोंदला की हॉटेलचा मॅनेजर धावत आला. टेबलावर एकही थान नकली निघालं नाही. पाहुणीने त्यातल्या सगळ्या जातींचा माल मागितला, आणि जाताना विणकराचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. त्याने नेमाने मान हलवली.

अध्यक्षबाई न हसता रेशीमरावांकडे बघत होत्या. असं कुणी आपल्याकडे बघितलं असतं तर एखाद्या बऱ्या माणसाने जमिनीत तोंड लपवलं असतं. रेशीमरावांनी माइक हातात घेतला.

"हेच दाखवायचं होतं," ते म्हणाले. "खरं आणि खोटं, शेजारी शेजारी. मुद्दाम घरच्या माणसाला सांगून ठेवलं होतं. ग्राहकाच्या हातात काडी द्या, मागणी आपोआप पेट घेईल!"

आणि काय सांगावं, टाळ्या पडल्या. अध्यक्षबाई पुन्हा हसू लागल्या. मुदतवाढ मिळाली. मंडळाने 'एक काडी खऱ्याची, एक काडी खोट्याची' नावाची मोहीम काढायची ठरवलं, देशात आणि परदेशात, आणि तिचे प्रमुख अर्थातच रेशीमराव. मागणी वाढावी म्हणून या माणसाने जन्मभर खटपट केली तेव्हा ती ढिम्म हलली नाही. तो उघडा पडला, तेव्हा वाढली, आणि श्रेयही त्यालाच मिळालं.

परदेशी जायचं ठरलं त्या सकाळी ते पलंगावर बॅग उघडून बसले होते. ती दवाखान्यात निघायच्या तयारीत होती. रेशीमराव तिच्यावर रागावलेले नव्हते, हेच सगळ्यात किळसवाणं होतं. ते भलतेच खुशीत होते.

"काय वेळ साधलीस त्या दिवशी!" ते म्हणाले. "तूही चल. मंडळ परवानगी देईल. तू शाल पांघरून उभी राहा, मी खोटी जाळतो, मग खरी जाळतो."

"एक सांगा," ती म्हणाली. "ही नकली आहे हे तुम्हाला कधी कळलं?"

"कळायचं काय त्यात? दुकानातच जाळून बघितली. मी न जाळता कधी काही घेतो का?"

"मग घेतलीत कशाला?"

रेशीमरावांना प्रश्नाचा रोखच समजला नाही. मोजे गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, "अगं, खरी केवढ्याला होती! आणि दिसायला दोन्ही सारख्याच. तुला कुठे कळणार होतं?"

हे त्यांनी कुजकेपणाने म्हटलं नाही. लहान मुलाला समजावतात तसं, अगदी मायेने म्हटलं. ती शालीच्या घडीवर हात ठेवून उभी राहिली. या घरात तुच्छतेने बघणारी आपण एकटीच, अशी तिची इतकी वर्षं समजूत होती. रोज मनात गाढव म्हणून वरण वाढताना आपलं काहीतरी चुकतं आहे असंही तिला कधीकधी वाटायचं. आणि समोर बसून ते वरण ओरपणारा माणूस तिला पहिल्या दिवसापासून त्याहून कमी लेखत होता. त्याबद्दल त्याच्या मनाला साधी टोचणीसुद्धा लागली नव्हती.

"मला दुसऱ्याच दिवशी कळलं," ती म्हणाली.

मोजा त्यांच्या हातातच राहिला. "काय?"

"मीही जाळून बघितली. स्वयंपाकघरात. अंगठा पोळला होता, ते तुमच्या लक्षात आलं नाही."

"मग बोलली का नाहीस? इतकी वर्षं?"

"मला वाटलं, तुम्हाला कुणीतरी फसवलं. कळलं तर तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून."

रेशीमराव काहीतरी म्हणायला गेले. शाल पांघरून ती उभी राहिली ती सगळी प्रदर्शनं, माणसांदेखत तिला घ्यायला लावलेल्या त्या सगळ्या गिरक्या, आणि प्रत्येक वेळी खाली घातलेली तिची मान, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावं. तोंड उघडंच राहिलं. तिने सवयीने आत बघितलं आणि नजर काढून घेतली.

"मी येणार नाही," ती म्हणाली. तिने शाल उचलली, नीट घडी घातली आणि त्यांच्या बॅगेत मोज्यांवर ठेवली. "ही न्या. तिकडे दुकानांत पुतळे असतात, त्यातला एखादा मागून घ्या. हवा तसा फिरवता येईल."

मग तिने पायांत चपला सरकवल्या, दार ओढून घेतलं आणि ती दवाखान्यात गेली.